पोटाचं ऑपरेशन आणि अक्काचे अळीव

डॉक्टरांच्या वजनकाट्याची सुई एकशेवीसला जाऊन अडकली, तेव्हा त्यांनी मला नाशिकमधल्याच द्वारका भागातल्या एका लाकडाच्या वखारीत पाठवलं. ओंडके मोजायच्या काट्यावर मी उभी राहिले. एकशे एकेचाळीस किलो. काट्यावरचा हमाल फिदीफिदी हसला. "बाई, तुम्हाला न्यायला बैलगाडी लागंल," म्हणाला. मी खाली उतरले आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की त्याची टोपी ओंडक्यांत जाऊन पडली.

डॉक्टरांनी वखारीची चिठ्ठी वाचली. म्हणाले, "याला मॉर्बिड ओबेसिटी म्हणतात. म्हणजे जीव घेणारा लठ्ठपणा. साखर वाढलीय, रक्तदाब आहे, झोपेत श्वास अडकतो. असंच चाललं तर तुम्ही चाळिशी काही बघत नाही." मी तेव्हा सदतीस वर्षांची होते.

ही एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि पोरं मला टरकून असायची. छडी मोडली तर मी पट्टी घ्यायचे. आज त्याची लाज वाटते, पण खरं ते सांगते. ज्या शरीराला सगळे हसत होते त्याचा राग मी दिसेल त्याच्यावर काढत होते.

मुंबईत एक सर्जन परदेशातून नवं ऑपरेशन शिकून आले होते. स्टेपलिंग. वहीला मारतो तशा पिना जठराला मारायच्या आणि वरच्या बाजूला लिंबाएवढी पिशवी वेगळी करायची. खाली अन्न उतरायला करंगळीहून बारीक वाट ठेवायची. सर्जननी बजावलं, "सहा आठवडे फक्त पातळ, गाळलेलं. एका वेळी दोन-तीन चमचे. घाई केलीत तर पिना उसवतील, आणि पेरिटोनायटिस होईल. म्हणजे आतलं सगळं पोटभर पसरून सडतं. त्यातून वाचवायची खात्री मी देणार नाही."

शुद्धीवर आले तेव्हा वाटलं, कुणीतरी पोटात कुऱ्हाड घातली आणि काढायची विसरला. खोकला आला की टाके आतून ओरबाडायचे. तीन आठवड्यांनी नाशिकला घरी आले. दुखणं कमी झालं होतं, भूक मात्र पिसाळलेली होती. हे पोटाचं नाही, डोक्याचं खाणं असतं, असं डॉक्टर म्हणत. एकदा आमच्या यांनी वरणाचं पाणी दोन चमचे मोजून दिलं, तर मी वाटीच त्यांच्या छातीवर भिरकावली. बिचारे शर्ट बदलून मनमाडच्या गाडीला पळाले. रेल्वेतली नोकरी, रोजचं जाणं-येणं, घरी थांबणार कसे?

म्हणून अक्का आली. माझी थोरली बहीण, दिंडोरीकडे दिलेली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला अक्कानंच भरवून मोठं केलं. तिनं येतानाच एक गाठोडं आणलं होतं. डिंक, खारीक, सुंठ, अळीव.

"अक्का, मला पोर नाही झालेलं," मी म्हटलं.

"पोट तर फाडलंय ना तुझं? मंग बाळंतिणीचंच करावं लागंल. डाक्टरला काय कळतंय!"

मी तिला सर्जनचा कागद वाचून दाखवला. तिनं मान डोलावली. आठवडाभर निमूट वरणाचं पाणी दिलं, घड्याळ बघून. मग एका सकाळी दुधाचा पेला पुढे केला. दुधाला गुळाचा आणि जायफळाचा वास होता. तळाशी तांबूस, बुळबुळीत दाणे दिसत होते.

मला कळलं होतं. अळीव काय असतात ते नाशिकच्या कुठल्या बाईला सांगायला लागत नाही. तरीही मी पेला तोंडाला लावला आणि घटाघटा संपवला. अक्का सुखानं बघत होती.

दहा मिनिटांत छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळली. अळीव धड भिजलेले नव्हते. ते आत फुगत होते आणि त्यांना जायला वाट नव्हती. उमासे असे येत होते की डोळे बाहेर पडतील, पण फेसाशिवाय काही पडेना. टाके ताणले जाऊन पोट फाटतंय असं वाटत होतं. मी फरशीवर गडाबडा लोळत होते.

अक्का घाबरली. घाबरल्यावर तिला एकच उपाय ठाऊक. ती दुसरा पेला घेऊन आली. "कळ धरलीय गं. गरम घे, मोकळं हुईल." तिनं माझं डोकं मांडीत घेतलं आणि जबडा दाबून तोंड उघडलं. लहानपणी औषध पाजायची तसंच. मी हातपाय झाडले, तिला चावले, तरी सोडेना. हाताला तांब्या लागला. मी तो सगळं बळ एकवटून तिच्या तोंडावर हाणला.

भुवई फुटली. रक्त तिच्या नाकावरून माझ्या तोंडात पडत होतं. अक्कानं पेला बाजूला ठेवला, पदर कपाळाला लावला आणि तशीच रस्त्यावर जाऊन एका रिक्षापुढे आडवी उभी राहिली.

दवाखान्यात डॉक्टर आधी तिच्याकडेच वळले. "मला काय झालं न्हाय, हिला बघा आधी, मरतीय ती," अक्का त्यांच्या अंगावर ओरडली.

नाकातून नळी घातली. घातली कसली, ठोसली. दोन नर्सनी माझे हात धरले होते. मुंबईला ट्रंक कॉल लावून सर्जनना विचारत डॉक्टर थोडं थोडं पाणी सोडत आणि ओढून घेत होते. नळीतून रक्ताळलेले अळीव यायला लागले. वाट मोकळी व्हायला संध्याकाळ झाली. पिना टिकल्या होत्या. "आणखी एक पेला गेला असता तर आज दोघींपैकी एकच घरी गेली असती," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी अक्काला बोलावलं. एका छोट्या बाटलीत चमचाभर अळीव आणि पाणी घालून तिच्या हातात दिलं. अक्का ती बाटली धरून बाकावर बसून राहिली. अळीव बाटलीच्या गळ्यापर्यंत फुगले. तिच्या भुवईवर तीन टाके होते.

"मला माहीत होतं त्यात काय आहे," मी म्हटलं. "तरी मी प्यायले. आणि मारलं तुला."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या लग्नाला पंधरा वर्सं झाली. दर वर्साला नवा डिंक आणून ठिवती मी. जुना किडतो. कधी निरोप यील म्हनून बसले. मला वाटलं, एवढं तरी करू दे."

मला रडायलाही येईना, कारण रडलं की टाके दुखायचे.

ज्यांचं असं ऑपरेशन होणार आहे त्यांना मी एवढंच सांगेन. पहिल्या महिन्यांत वजन आपोआप उतरतं, त्याची फुशारकी नको. दोन चमचे म्हणजे दोनच, आणि घोट घोट, थांबून. भूक खोटं बोलेल, तिला दमात घ्या. आणि घरच्या माणसाचा चमचा काढून घ्याल तेव्हा त्याच्या हाताला दुसरं काम द्या. ते हात रिकामे राहत नाहीत.

घरी आल्यावर अक्का गाठोडं बांधायला लागली. म्हणाली, "माझ्या हातानं मरशील, जाते मी." मी मोरीत जाऊन पाटावर बसले. माझं अंग लग्नानंतर मी कुणाला उजेडात दाखवलं नव्हतं. आता तर कातडी सैल होऊन लोंबत होती. व्रण कोरडा होता, अंघोळीला डॉक्टरांची परवानगी होती. मी लुगडं सोडलं आणि हाक मारली, "अक्का, मला न्हाऊ घाल."

ती दारात आली. सगळं बघितलं. मग तेलाची वाटी घेतली, पदर खोचला आणि माझ्या मागे उकिडवी बसली. "किती गं हाल केलेस जिवाचे," म्हणाली, आणि माझी पाठ चोळायला लागली.