मनगटाला बांधायची दोरी

"ताई, कसली मोटर दिली तुमी? रेस ऱ्हातच न्हाय!" तात्या काठावरूनच ओरडले.

मी बारामतीच्या एका डीलरकडे टेक्निशियन आहे. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायच्या छोट्या मोटरी दुरुस्त करते. तात्या उजनीच्या पाण्यावरून, इंदापूरच्या बाजूने पलीकडे, शेतात कामाला जाणाऱ्या बायकांची ने-आण करतात. त्या सकाळीही बायका डबे घेऊन खोळंबल्या होत्या.

या मोटरीला एक दांडा असतो. त्याची मूठ पिळली की वेग वाढतो. हा थ्रॉटल. तात्यांच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली होती.

"हे काय?"

"रेस सरकती, म्हणून फुलवर बांधून टाकतो. हात बी मोकळा ऱ्हातो, तंबाखू मळाया."

माझं डोकंच फिरलं. पट्टी कापून काढली. मूठ बरीच फिरत होती, पण इंजिन ढिम्म. म्हणजे केबल ढिली. कव्हर उघडलं, तर केबलचा नट थरथरून सुटत आला होता. नट आवळला, केबलचा ताण जुळवला. थ्रॉटल ठीक झाला.

मग नजर लाल दोरीवर गेली. तिचं एक टोक क्लिपने मोटरीच्या किल स्विचला असतं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. तात्यांनी ती दोरी मोटरीलाच गुंडाळून तिला लिंबू-मिरची लटकवली होती. हे पाण्यात पडले असते, तर फुल रेसवरची बोट त्या सगळ्या बायकांना घेऊन एकटीच धावत सुटली असती. आणि यांना काळजी कसली, तर दृष्ट लागण्याची!

"दोरी मनगटाला बांधा."

"कुत्र्यावानी? न्हाय जमायचं."

मी क्लिप काढून खिशात टाकली. तिच्याशिवाय मोटर सुरू होत नाही. तात्यांनी आमच्या मालकांना फोन लावून सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"अगं, गिऱ्हाईक आहे आपलं. नट आवळलास ना? मग निघ."

"सर, तुम्ही या. या बोटीत बसून पलीकडे जा. मग मी निघते."

त्यांनी फोन ठेवला.

बायकांमध्ये तात्यांची थोरली बहीण होती. ती पुढे आली. "ह्यो पडला तर बोट थांबंल न्हवं?"

"दोरी बांधली तर."

ती भावाकडे वळली. "बांध रं. न्हायतर एक बी बाई बसायची न्हाय."

तात्यांनी हात पुढे केला. मी क्लिप परत लावून दोरी त्यांच्या मनगटाला बांधली. लिंबू-मिरची मी बोटीच्या पुढच्या टोकाला बांधून दिली.

पुढे एकदा त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. पाण्याखालच्या जुन्या बाभळीच्या खोडाला बोट धडकली, तात्या उडून पाण्यात पडले, मोटर तिथंच बंद झाली आणि बायकांनी वल्हं पुढे करून त्यांना वर घेतलं.

"वाचलात ना, तात्या!"

"ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या दोरीनं मनगट सोललंय माजं! कसला माल ठिवताय?"

असा संताप आला, की काय सांगू. पण तक्रार लिहून घेतली. तक्रार करायला गिऱ्हाईक जिवंत उरलं, की आमच्या धंद्यात दुरुस्ती बरोबर झाली असं धरायचं.