ओब्दुलियाने बुटकी लेन्स लावली

हे मी लिहिणारच नव्हते, खरंच. ओब्दुलियाबद्दल काही लिहिलं की ती पहिल्यांदा विचारते, "मला म्हातारी म्हटलंयस का?" हो, म्हटलंय. बासष्टची आहे ती. आत्लिस्को गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो तिनेच काढलेत. त्यातली बरीच लग्नं मोडली, पण फोटो शाबूत आहेत.

एकाच लग्नाचे फसले, आणि तेही जिवाच्या मैत्रिणीच्या. एर्मेलिंदाच्या लग्नात सापाचा नाच सुरू झाला. नवरा-नवरी दोन खुर्च्यांवर ओढणी ताणून उभे, आणि अख्खं वऱ्हाड हात धरून खालून धावत त्यांना पाडायला बघतंय. एर्मेलिंदाचे पाय तिच्या वडिलांनी घट्ट धरलेले. ओब्दुलिया लांबडी लेन्स लावून दूर टेबलावर चढली, ऐटीत. फोटोत आल्या चौदा काकांच्या पाठी. वडील पुढच्याच महिन्यात गेले.

आणि आता एर्मेलिंदाच्या मुलीचं, इत्सायानाचं लग्न.

"कोमाद्रे, सखे, आज हिचे पाय मी धरणारे," एर्मेलिंदा म्हणाली. "माझं तोंड दिसलं पाहिजे फोटोत."

"तुझं तोंड अख्ख्या गावाला माहितीये. फोटो कशाला?"

"ओब्दुलिया!"

"बरं बाई, बरं."

कॅमेरा एकच, आणि अंगणात ही धूळ. मध्येच लेन्स बदलली तर आत माती जाणार, म्हणजे जे काय ते आधीच ठरवायचं. लांबडी लावली तर बारा पावलं मागे उभं राहायचं, हाडं सलामत, पण मध्ये पुन्हा पाठीच पाठी. बुटकी लावली तर थेट खुर्च्यांना चिकटून, घामाच्या आणि तेकिलाच्या वासात. गुडघा म्हणाला, लांबडी. तिने गुडघ्याला सणसणीत शिवी हासडली आणि बुटकी बसवली.

"ओब्दुलियाबाई, उठा तिथून, चिरडल्या जाल!" बँडवाला माइकवरून ओरडला.

"तू तुझा ट्रम्पेट फुंक!"

बायकांची रांग नीट गेली. मग पुरुषांनी कोट काढले, बँड सुसाट सुटला. या सापाचं डोकं शहाण्यासारखं वळतं हो, पण शेपटीला असतात सगळ्यात जास्त प्यालेले, आणि ती फिरते चाबकासारखी. इतकी वर्षं ओब्दुलियाने ती लांबूनच बघितलेली. आत उभं राहून तिला अंदाजच आला नाही. शेपटीच्या टोकाला होते फिलेमोनराव, वजन एकशे दहा किलो. ते आले आणि ओब्दुलिया उताणी थेट खुर्च्यांखाली! बोट मात्र बटणावरच.

दोन बरगड्या मोडल्या. एर्मेलिंदा मोलेचं, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्शाचं, पातेलं घेऊन भेटायला आली आणि तिने फोटो पाहिला. वर किंचाळणारी नवरी, आणि मध्ये केस सुटलेली एर्मेलिंदा, लेकीच्या गुडघ्यांना मिठी मारून फिलेमोनला आईवरून शिव्या घालतेय. दातन् दात दिसतोय. ती आधी ढसाढसा रडली.

मग म्हणाली, "मी अशी दिसते?"

"अशीच दिसतेस. मी आपली दया म्हणून सांगत नव्हते."

फोटो आता तिच्या घरात संतांच्या तसबिरींच्याही वर लागलाय. फादर आले, त्यांनी बघितला आणि कपभर गरम चॉकलेट पिऊन गेले.

ओब्दुलिया अजून दोन आठवडे खाटेवरच आहे. एरवी ही बाई शनिवार-रविवार कुणाला सापडत नाही. म्हणून जा, भेटून या तिला, लवकर. बाजारामागे कुणालाही विचारा. फक्त हसवू नका, बरगड्या दुखतात तिच्या, आणि मग शिव्या तुम्हालाच बसतील.