यादीतला हरेश्वर

हरेश्वर गेला हे मला ऑफिसातल्या फोनवर कळलं. त्याची वहिनी नीट बोलली, रडलीसुद्धा नाही. सकाळी वाडीत गेला आणि केळींतच पडला, म्हणाली, दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. मी तिला दोनदा विचारलं, कोण हरेश्वर? जन्मापासूनचा शेजारी, आणि मी हे विचारतोय! त्या फोनच्या तीनच दिवस आधी भुईगावच्या नाक्यावर मला अडवून त्यानं पोलिसांचा दाखला दाखवला होता, ‘गुन्हा नोंद नाही’ असा. चाळिशीही गाठली नव्हती हो त्यानं... महिना होत आला, अजून डोकं बधिर आहे.

त्या दाखल्यापायी त्याची सात वर्षं गेली, आणि ती कुणामुळे गेली ते आज सांगून टाकतो. माझ्यामुळे. नव्वदनंतरची गोष्ट. नव्या इमारतींसाठी आमच्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून जायचं. वाड्या सुकायला लागल्या तशी गावानं एका सकाळी टँकर अडवले. पोलिसांनी विचारलं, कोण कोण होतं? गाव म्हणालं, आम्ही सगळे. मग त्यांनी नावांची यादी मागितली, आणि अक्षर बरं म्हणून लिहायला मी बसलो. देवळाच्या उत्सवाला लिहितो तशीच लिहिली, घरटी एक नाव. कोण हजर, कोण गैरहजर, बघतोय कोण? हरेश्वर तेव्हा फुलं घेऊन दादरला गेला होता. त्याच्या घरातून मी त्याचं नाव घातलं. माझ्या घरातून वडिलांचं, कारण मला सरकारी नोकरी होती. शहाणा ना मी!

कोर्टाच्या तारखेला सगळे रांगेत उभे राहिले. गुन्हा कबूल का, म्हटल्यावर पहिला हो म्हणाला, मग मागचे सगळे हो म्हणत गेले. मी नव्हतोच म्हणणं म्हणजे गावातून फुटणं, म्हणून हरेश्वरही हो म्हणाला. दंड भरून, वडापाव खाऊन मंडळी हसत घरी आली. पुढं हरेश्वरला सरकारी दवाखान्यात ड्रायव्हरची नोकरी लागली, नेमणुकीचा कागद हातात आला, आणि पोलीस पडताळणीत ‘शिक्षा झालेली’ असा शेरा आला. नेमणूक रद्द. ठरत आलेलं लग्नही मोडलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! त्याच्या आईनं तर हायच खाल्ली.

शेजारच्या गावातल्या फिलोमिना वकीलबाईंनी त्याचं प्रकरण ठाण्याला वरच्या कोर्टात नेलं. पहाटे वाडीचं काम उरकून हा ठाण्याला जायचा, तारीख घेऊन परत यायचा. भेटला की मी विचारायचो, काय रे, काय म्हणतंय कोर्ट? तो म्हणायचा, चाललंय. यादी कुणी लिहिली ते त्याला ठाऊक नसावं, असं मी सोयीनं धरून चाललो होतो. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. शेवटी यंदा शिक्षा रद्द झाली. कबुली प्रत्येकाला समजावून, ज्याच्या त्याच्या शब्दांत घेतलीच नव्हती, असं कोर्टानं म्हटलं. मी पेढे वाटले. माझा निर्लज्जपणा बघा.

तेराव्याला वकीलबाई आल्या. त्या मला ओळखत नव्हत्या. हरेश्वरच्या पडवीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “एवढी वर्षं लागायला नको होती. ज्यानं यादी लिहिली त्यानं नुसतं प्रतिज्ञापत्र दिलं असतं, की हा त्या दिवशी तिथं नव्हता, तर कधीच सुटला असता. किती वेळा हरेश्वरला त्याचं नाव विचारलं मी.”

मी विचारलं, मग काय म्हणाला हरेश्वर?

“म्हणाला, बाई, त्याला सरकारी नोकरी आहे, दोन पोरी आहेत. एका घरची नोकरी गेली तेवढी पुरे.”

तो माणूस मीच, हे बाईंना सांगायची हिंमत झाली नाही. तसाच उठून घरी आलो... आता त्याच पडवीत बसून लिहितोय. त्याची फुलांची करंडी कोपऱ्यात उपडी घातलेली आहे, ती अजून कुणी उचललेली नाही. वकीलबाई, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितो. त्या सकाळी हरेश्वर टँकरपाशी नव्हता. यादी मी लिहिली.