हाक मारायला नाव

“बारसंच झालं नाही, नाव कशाला विचारतोस?” काका खड्डा खणणाऱ्यावर खेकसले. दादाची तान्ही मुलगी त्यांच्या हातांवर पांढऱ्या कापडात होती. मला फाटकाबाहेरच थांबवलं होतं.

भांडुपच्या या स्मशानावरून मी रोज बँकेत जायची, तेव्हा तो माणूस दिसायचा. पुरलेल्या बाळांच्या कोपऱ्यात दगड किंवा पाटी लावायची परवानगी नव्हती. तिथे शिरताना तो चपला काढायचा आणि चाफ्याची फुलं झाडताना गाणं म्हटल्यासारखी नावं घ्यायचा. राजू, सुमन, बेबी. सकाळच्या धुक्यात वाटायचं, आता कुणीतरी ओ देईल. मी कुंपणापाशी रेंगाळायची, पण त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

“उद्या झाडताना हाक काय म्हणान मारू?” तो काकांना शांतपणे म्हणाला. मग फाटकाशी आला. “आत्या तूच मा? मगे तूच ठेव नाव.”

“तू आत येऊ नकोस गं,” काका म्हणाले.

मी चपला काढल्या आणि आत गेले. बारशाला आत्या बाळाच्या कानात हळूच नाव सांगते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सई.”