गावपळणीत राहिलेला बोल्ट

देवाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. देवळात गेलो की हात जोडतो, जत्रेला नारळ देतो, चतुर्थीला घरात गणपती आणतो. पण देवाने देवाचं काम करावं आणि माणसाने माणसाचं, असं माझं सरळ मत होतं. जन्मभर भाड्याची गाडी चालवली, रस्त्यात बंद पडली तर स्वतःच खाली शिरलो, दुसऱ्याची वाट बघितली नाही. आपला हात जगन्नाथ. राखणदार, देवचार, भर दुपारचं वारं असलं काही कोणी सांगायला लागला की मी बसल्या जागेवरून उठायचो. तेव्हा हे लिहितोय ते कोणाला पटवायला नव्हे. मलाच ते अजून नीट पटलेलं नाही. पण झालं ते झालं, आणि माझी बायको घरी परत आली, म्हणून लिहितो.

त्या वर्षी तिच्या मणक्यात गाठ निघाली. आधी पाय जड झाले, मग डावा पाय ओढत चालायला लागली, आणि एक दिवस काजूच्या बागेतून मला तिला उचलून आणावं लागलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावून सांगितलं, तोपर्यंत हिला हिसका बसू देऊ नका, हिसका बसला तर पाय कायमचे जातील. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. फोंडाघाट हिला एकही धक्का न लागता कसा चढवायचा. लोक म्हणाले, अँब्युलन्स कर. मी म्हटलं, त्या ड्रायव्हरला माझी बायको म्हणजे एक फेरी. माझ्या गाडीची मागची सीट काढीन, गादी घालीन आणि बैलगाडीच्या चालीने नेईन. मी चालवीन, दुसरा कोणी नाही.

गाडी जुनी डिझेलची होती आणि तिचा टायमिंग बेल्ट म्हातारा झाला होता. हा दात्यांचा रबरी पट्टा इंजिनाच्या खालच्या आणि वरच्या दांड्याला एका तालात फिरवतो. तो तुटला किंवा सुटून सरकला, तर चालतं इंजीन जागच्या जागी मरतं, ब्रेक दगड होतो, स्टेअरिंग वळत नाही. सपाटीवर माणूस बाजूला घेऊन शिव्या देत बसेल. घाटाच्या चढावर गाडी मागे घसरते, आणि मागे काय असतं ते घाट चढलेल्या कोणालाही विचारा. कणकवलीच्या गॅरेजवाल्याकडे गाड्यांची रांग होती. मी बेल्ट मागवला आणि म्हटलं, घरीच घालतो. आजवर कितीतरी घातले होते.

पार्सल उशिरा आलं. ते हातात पडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमची गावपळण होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात काही गावांत दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव शिमेबाहेर, म्हणजे वेशीबाहेर, पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, सगळी. व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पल्याड, झावळ्यांच्या खोपी बांधून तीन दिवस राहायचं, आणि देवाचा पुन्हा कौल झाला की परत यायचं. तेवढे दिवस गाव देवाचा. आत कोणी पाऊल टाकायचं नाही. आणि आमच्या गावाचा आणखी एक रिवाज आहे. निघायच्या दिवशी देवळाकडचा ढोल वाजला की ज्याच्या हातात जे हत्यार असेल ते तिथेच खाली ठेवायचं. कोयता असो, पहार असो. ठेवायचं आणि गाऱ्हाण्याला जाऊन उभं राहायचं.

मी सकाळीच गाडी ओंडक्यांवर चढवली, उजवं पुढचं चाक काढलं, कव्हर उघडलं. नवा बेल्ट बसवला. वरची आणि खालची पांढरी खूण समोरासमोर आणली. बेल्टला ताण देणारी जी पुली असते, तिचा बोल्ट मी हाताने फिरवून बसवला आणि आवळायला पाना लावला, तेवढ्यात ढोल वाजला. मी पाना खाली ठेवला. विश्वास म्हणून नव्हे. ओट्यावरून बायको बघत होती, आणि त्या दिवशी तिचं मन मोडायचं नव्हतं.

गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं गावाचं मागणं, गावातले थोरले तातू घालतात. ऐंशीच्या पुढचे, पण आवाज असा की नारळाच्या शेंड्यापर्यंत जावा. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां-बाळां, गुरां-ढोरां तुझ्या शिमेभायर पडतत. घरादारार तुझी नजर ठेव. जा काय अर्धवट रवला आसात, ता पुरा करून घे. चुकला-माकला सांभाळ, म्हाराजा!" आणि सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. मीसुद्धा ओठातल्या ओठात म्हटलं. माझं लक्ष पाय न उचलणाऱ्या बायकोला पलीकडे कसं न्यायचं याच्याकडे होतं.

मला तिला न्यायचंच नव्हतं. हिसका बसेल, आपण दोघं दार लावून घरात राहू, देव काही खाणार नाही, असं मी तिला आदल्या रात्री म्हटलं होतं. तेव्हा ती म्हणाली, "गाव भायर पडतलो आणि मी घरात पडान रवतलंय? सरपटत जायन." शेवटी चौघांनी तिला खाटेसकट उचललं. व्हाळ उतरताना एकाने खांदा बदलला, तशी ती खाटेवरून म्हणाली, "खांदो कित्याक बदलतास रे? जित्ती आसंय मी अजून." सगळे हसले. मी हसलो नाही. चार खांद्यांवरचं ते माणूस मला बघवेना, म्हणून मी पुढे होऊन खाटेचा पाय धरला.

पण त्याआधी, देवळातून घरी आल्यावर, मी घाईघाईत गाडी बंद केली. शेजारची वहिनी आमचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, सारवून मागे-मागे सरकत चालली होती आणि ओरडत होती, आटपा, आटपा, सारवणावर पाय देऊ नका. मी कव्हर लावलं, खालची पुली बसवली, हत्यारं पेटीत भरून पेटी पोटमाळ्यावर ठेवली. चाक तेवढं राहिलं. आल्यावर चाक बसवू, सकाळी निघू, असा हिशेब. बेल्ट घातला की इंजीन चावीने चालू करण्याआधी रॅचेटच्या पान्याने हाताने फिरवून बघायचं असतं. सावकाश, दोन फेरे. खुणा परत जुळल्या तर काम बरोबर. ते मी केलं नाही. घाटावर पाटी असते ना, अति घाई संकटात नेई. ती पाटी मी हजारदा वाचली होती.

पलीकडे पहिला दिवस मजेत गेला. माणसं पाल्यात भांडी लपवून एकमेकांची चेष्टा करत होती, भजन चाललं होतं, बांगड्यांचं कालवण शिजत होतं. बायको खाटेवर पडून सगळ्यांना हुकूम सोडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांची एकच पंगत होती. गावातला एकूणएक माणूस पानावर. मी बायकोला भरवून तिच्या खाटेशी, व्हाळाच्या काठाला बसलो होतो. समोर आमचा गाव. रोजची दुपार कितीही शांत असली तरी कुठे कुत्रं भुंकतं, कुठे विहिरीवर कळशी वाजते. तिथे काही नव्हतं. कावळासुद्धा नव्हता. माडांच्या झावळ्या हलत होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता. घरांची दारं बंद, आणि तरी ती घरं रिकामी वाटत नव्हती. कोणी तरी आत जेवून हात धुवत असावं, तसं वाटत होतं.

तेवढ्यात आवाज आला.

कर्र, कर्र, कर्र. मग थोडं थांबून, पुन्हा कर्र, कर्र.

मी तो आवाज झोपेतही ओळखीन. रॅचेटचा. आमच्या घराच्या बाजूने येत होता. कोणी तरी पाना सावकाश मागे घेत होतं, दाबत होतं, पुन्हा मागे घेत होतं. चोर असा पाना फिरवत नाही. त्यात घाई नव्हती. मी स्वतःशीच म्हटलं, कोणाचं तरी इंजीन असेल, वाऱ्याने आवाज येतोय. तर बायको खोपीच्या छपराकडे बघत म्हणाली, "आयकलास? कोण तरी आपल्या गाडयेचा काम करता."

मी उठलो. सरळ व्हाळात उतरलो. पाणी पोटरीला लागलं आणि ते इतकं थंड होतं की पाय आखडला. मागून तातूंची काठी माझ्या खांद्याला लागली. जेवता जेवता ते उष्ट्या हाताने उठून आले होते.

"खंय चललंस?"

"तातू, माझ्या गाडीला कोणी हात लावतंय. उद्या परवा मला हिला घेऊन घाट चढायचाय."

"माका नाय आयकूक येणा काय? सगळो गाव हय बसलो हा. मोजून बघ." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तेची फेरी आसा ती. तेका तेचा काम करूं दे. तू तुझ्या पानार जा."

तातू बोलत असतानाच आवाज थांबला. माझी खात्री आहे, तो आमचं बोलणं ऐकून थांबला. मग एकदाच, अगदी शेवटचं, कर्र. त्यानंतर पलीकडे कावळा ओरडला, झावळ्या वाजल्या, आणि मी पाण्याबाहेर आलो. बायकोचा हात धरून बसलो. भीती वाटली हे कबूल करायला मला लाज नाही. माझ्या घरात कोण होतं, आणि माझ्या बायकोच्या प्रवासाचं त्याच्या मनात काय होतं, हे मला कळत नव्हतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा काही न मागता हात जोडले. काय मागायचं तेच सुचत नव्हतं. तुझ्या हातात आहे, एवढंच म्हणालो.

कौल झाला, ढोल वाजला, गाव परत फिरला. मी बायकोच्या खाटेच्या पुढे पळत घरी गेलो. खळं वहिनीने सारवलं होतं तसंच्या तसं होतं. वाळलेल्या शेणावर तिच्या हाताच्या कमानी सुबक दिसत होत्या. पाऊल एकही नव्हतं. कोंबडीचं नाही, मांजराचं नाही. दाराला माझं कुलूप. पोटमाळ्यावर माझी पेटी, बंद.

आणि चाक काढलेल्या जागी, खालच्या पुलीच्या बोल्टावर, माझा रॅचेट लावलेला होता. दांडी वर करून, माझ्या हाताला येईल असा.

मी कव्हर काढलं. खुणा जुळत नव्हत्या. वरची खूण खालच्या खुणेला सोडून पुढे सरकली होती. कोणी तरी इंजीन हाताने फिरवून बघितलं होतं, आणि सैल बेल्ट दात सोडून सरकला होता. बेल्ट बोटाने उचलला, तर उचलला गेला. ताणाच्या पुलीचा तो बोल्ट मी नुसत्या चिमटीने फिरवला आणि तो फिरला. ढोल वाजला तेव्हा जसा राहिला होता तसाच तो होता. मी तो आवळलाच नव्हता, आणि आवळला असं शपथेवर सांगितलं असतं. चाक बसवून चावी मारली असती तर गाडी कदाचित चालूही झाली असती, घाटाच्या पायथ्याच्या फोंड्यापर्यंत गेलीही असती. मग चढ लागला असता.

मी खळ्यात बसून लहान पोरासारखा रडलो. खाट आणणारे चौघे दारात थांबून राहिले. बायको म्हणाली, "काय झाला?" मी बोल्ट दाखवला. ती म्हणाली, "रडतास कित्याक? आवळा आता." म्हणून आवळला. सगळ्या ताकदीनिशी. खुणा नव्याने जुळवल्या आणि त्याच रॅचेटने इंजीन हाताने फिरवलं, सावकाश, दोन फेरे. कर्र, कर्र, कर्र. आवाज अगदी तसाच होता.

दुसऱ्या दिवशी घाट चढताना एका वळणावर मागे मालाने भरलेला ट्रक होता आणि डाव्या हाताला दरी. मी आरशात बघत होतो, घाम पुसत होतो. मागून गादीवरून आवाज आला, "भितास कित्याक? इंजीन बरा वाजता." ऑपरेशन झालं. पाय परत यायला पावसाळा उलटला, पण आले.

मी कोणाला विचारलं नाही, शोधलं नाही. कोणी म्हणेल, तूच रॅचेट लावून विसरलास. असेल. पण पेटी बंद करण्याआधी तो मी माझ्या हाताने आत ठेवला होता, आणि आवाज दोघांनी नव्हे, तिघांनी ऐकला. मी त्याच्यावर वाद घालत नाही. मला एवढंच समजलं की माणसाने आपलं काम शेवटच्या पिळापर्यंत करावं, आणि तरीही त्यातला एखादा पीळ राहतोच. तो कोण आवळतं हे आपल्याला कळायला हवंच असं नाही.

परवा पुन्हा गावपळण झाली. ढोल वाजला, मी देवळात जाऊन उभा राहिलो. जा काय अर्धवट रवला आसात, तातू म्हणाले, आता त्यांचा आवाज बारीक झालाय. या खेपेला मी गळा फोडून म्हटलं, व्हय म्हाराजा. घरी येऊन हत्यारांची पेटी पोटमाळ्यावरून खाली काढली आणि ओट्यावर उघडी ठेवली, शेजारी नारळ आणि विडीचं बंडल.

बायको डोक्यावर गाठोडं घेऊन खळ्यात उभी होती. तिने पेटीकडे बघितलं.

"रॅचेट वयर आसा मां?"

"आसा," मी म्हटलं.

"मग चला." आणि ती माझ्या पुढे, स्वतःच्या पायांनी, व्हाळाकडे चालायला लागली.