अकराशे एक रुपयांचं पाकीट

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मंदाकिनी ठोंबरे यांच्याकडे सकाळी साडेनऊपर्यंत आठ मुलं येत आणि संध्याकाळी सहानंतर एकेक करून घरी जात. रायपूर राजधानी झालं, तशी नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी जोडपी भोपाळहून, नागपूरहून शहरात आली. त्यांच्या घरात मूल सांभाळायला कोणी नव्हतं.

पहिली आली क्षमाची मुलगी. क्षमा मंत्रालयात होती. महिना संपला आणि ती अडचणीत पडली. जिला काकू म्हणायचं, तिच्या हातावर नोटा कशा मोजायच्या? तिनं लग्नात देतात तसं पाकीट आणलं, वर एक रुपया चिकटवलेलं, आत अकराशे. काकूंनी ते देवापुढे ठेवलं. पुढे आलेल्या प्रत्येक घरानं तीच रीत उचलली. या घरी दर एक तारखेला कोणाचं तरी लग्न लागतं, असं एखाद्याला वाटावं.

२००४ सालच्या मे महिन्यात आणखी दोन मुलांसाठी विचारणा झाली. खालची खोली आठांनाच पुरत नव्हती. गच्चीवर खोली काढायची काकूंनी ठरवलं, तीही स्वतःच्या नावानं साठ हजारांचं कर्ज घेऊन. बँकेतल्या साहेबानं अर्ज वाचला, ‘व्यवसाय : गृहिणी’वर पेन टेकवलं आणि म्हणाला, "मैडम, इनकम का रिटर्न ले आइए, फिर देखते हैं."

काकूंचे यजमान दिवाकरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी पेपर खाली केला. "लोक कमाई लपवून राहिले, अन् तू दाखवाले चालली."

"लपवून खोली बांधता येते का?"

"लोक म्हणतील, ठोंबरेनं बायकोले पोट्टे सांभाळाले लावलं."

"आठ पोट्टे तीन वर्षांपासून तुमच्या मांडीवर उड्या मारून राहिले. लोकांले अजून दिसलं नसन, तर आता काय दिसणार?"

निरंजन हा इन्कम टॅक्सचा वकील, नागपूरचा. त्याची मुलगी ज्ञानदा आठांपैकी एक. संध्याकाळी तो तिला न्यायला आला, तेव्हा काकूंनी वही त्याच्यापुढे ठेवली. अकराशे एक, अकराशे एक, पानभर तेच. त्यात बारा ओळी त्याच्या स्वतःच्या होत्या.

"काकू, खरं सांगू?" निरंजन म्हणाला. "सगळ्यांनी प्रेमानं दिलंय. आहेर म्हणून सोडून देऊ. आहेरावर टॅक्स नाही, रिटर्नची भानगड नाही."

"अन् बँकेले काय देऊ? आहेराची यादी?"

निरंजन हसला. दिवाकररावांना मात्र तोडगा आवडला. "बरोबर बोलून राहिला तो. आहेरच आहे. घराची इज्जतही राहते."

काकू ज्ञानदाच्या चपलेचा पट्टा लावत होत्या. तो लावून झाल्यावर त्या निरंजनकडे वळल्या.

"आहेर घेतला का परत करा लागते, हो ना? तुमच्याकडून इतके पाकिटं आले. मी एक तरी परत केलं?"

"नाही."

"तुम्ही कधी मनात धरलं का, काकूनं आपला आहेर फेडला नाही?"

"छे, काकू."

"काहून?"

निरंजननं ज्ञानदाकडे पाहिलं. तिचं पोट भरलेलं होतं, केस विंचरलेले होते, आणि त्या दिवशी सातपर्यंत शिकलेला बेचा पाढा ती दाराच्या कडीला म्हणून दाखवत होती.

"कारण तुम्ही काम केलंत," तो म्हणाला.

"मग तसंच लिहा."

त्यानं पेन काढलं. "ठीक. अकराशे एक गुणिले..."

"अकराशे," काकू म्हणाल्या. "तो वरचा रुपया आहेरच आहे. तो मी परत करते."

त्यांनी फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला. पाकिटांवरची नाणी त्यात पडत. एका मुलाचे वर्षाचे बारा रुपये होत, आणि त्याच्या वाढदिवसाला त्यांतून रंगीत खडूंची पेटी येई. निरंजनच्या घरी तसली पेटी होती. भिंतीही त्याच खडूंनी रंगलेल्या होत्या.

खर्चाची बाजू निघाली तेव्हा दिवाकरराव आपणहून सरकून बसले. दूध, केळी, मदतीला येणाऱ्या शांताचा पगार, सगळं त्यांना तोंडपाठ होतं, कारण आणायला तेच जात. निरंजन बेरीज मारणार तोच ते म्हणाले, "थांब. फिनाईल राहिलं. अन् गेल्या दिवाळीत पोट्ट्यांनी फोडलेला आरसा."

"तो खर्चात नाही बसत, काका."

"मग कशात बसते? आठाण्याचा नव्हता तो."

आरसा वगळून निव्वळ उत्पन्न निघालं पंचावन्न हजार दोनशे. रिटर्नच्या ‘सरल’ फॉर्मवर निरंजननं व्यवसाय लिहिला, पाळणाघर. काकूंनी चष्मा लावून ते अक्षर तपासलं आणि सही केली.

"आता टॅक्स किती?"

"शून्य. थोडासा निघतो, पण बायकांना सूट आहे, त्यात तो जातो."

काकू जरा हिरमुसल्या. "एवढं लिहून शून्य? मग लोक काहून भेतात?"

"ज्यांचा शून्य येत नाही, ते भितात."

शिक्का मारलेली पोचपावती घेऊन त्या दुसऱ्यांदा बँकेत गेल्या. साहेबानं ती दोनदा पाहिली आणि जुना अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. ‘गृहिणी’वर त्यांनी एकच सरळ रेघ मारली, वर नवा शब्द लिहिला आणि बाजूला सही केली. कर्ज सप्टेंबरात मंजूर झालं. दिवाळीआधीच खोलीवर स्लॅब पडला.

नोव्हेंबरच्या एक तारखेला निरंजन नेहमीसारखं पाकीट घेऊन गच्चीवर आला. काकूंनी ते देवापुढे न ठेवता उघडलं, नोटा मोजल्या आणि नव्या कोऱ्या पावतीबुकावर अकराशेची पावती फाडली. मग रुपया नखानं उचकटून डब्यात टाकला.

"पावती जपून ठेवा," त्या म्हणाल्या. "अन् ज्ञानदाचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. भिंती आधी रंगवून घेऊ नका."