दहा मोजायला पंधरा सेकंद

माझ्या धाकट्या भावाला लेजंड म्हणायचं की नाही, हे ठरवायला बॉक्सिंग क्लबाने रविवारी दुपारी मीटिंग बोलावली. मला ऐकूनच हसू आलं. सूर्य उगवतो की नाही यावर कोणी हात वर करायला लावतं का? पण हॉलच्या भिंतीवर 'आमचे लेजंड' असा नवा बोर्ड लागणार होता आणि त्यावर तीनच नावांची जागा होती. दोन ठरली होती. तिसरं आमच्या खिळ्याचं लागायला हवं होतं.

खिळा हे त्याचं रिंगमधलं नाव. मीच ठेवलेलं. ठोका, ठोकत बसा, वाकायचा नाही. मी सोफे भरणारा माणूस, शाळा सातवीपर्यंत, पण अशी नावं मला सुचतात. त्याची पहिली पंचिंग बॅगही मीच शिवली, जुन्या सोफ्याच्या रेक्झिनची, आत चिंध्या आणि भुसा. तेरा वर्षांचा होता तेव्हा. आठवड्यात त्याने शिवण उसवली. मी दुहेरी टाका घातला, तोही उसवला. आईला म्हटलं, हा काही साधासुधा पोरगा नाही. आई म्हणाली, "तुझीच शिवण कच्ची असेल."

एकतीस लढती लढला तो. एकतीसही वेळा बादली आणि टॉवेल घेऊन त्याच्या कॉर्नरला मी. खाली पडलेला माणूस रेफरीने दहा मोजेपर्यंत उठला नाही की लढत संपली. आमच्या खिळ्यावर ते दहा आकडे एकदाही पुरे झाले नाहीत. एकदाही!

आता तो माझ्याकडेच राहतो. हात थरथरतात, म्हणून शर्टाची बटणं मी लावून देतो. काल काय झालं ते त्याला आठवत नाही. पण रोज सकाळी पहिलं बटण लावलं की विचारतो, "दादा, मी उठलो होतो ना?"

"उठलास."

"नऊवर?"

"नऊवर."

मग दिवसभर शांत बसतो. एवढ्या एका गोष्टीवर त्याचा दिवस निघतो. उद्या मी नसलो तर हे त्याला कोण सांगणार? बायको म्हणते, मी सांगेन. पण ती फायनलच्या रात्री तिथे नव्हती. बोर्ड असता तर कोणीही त्याला भिंतीपाशी नेऊन दाखवलं असतं, बघ, हा तू.

तर रविवारी मी त्याला इस्त्रीचा शर्ट घालून घेऊन गेलो. समोर टेबलाला क्लबाचा सेक्रेटरी. पोरगा हुशार आहे, पण जन्मात कधी ग्लोव्हज घातलेले नाहीत. त्याच्या बाजूला रेफरी, माझा जुना दोस्त, आता काठी टेकत चालतो. मागे खुर्च्यांवर क्लबातले पंधरा-वीस जण.

सेक्रेटरीने कागद काढला. "काका, चौदा जिंकल्या, सतरा हरल्या. जिंकल्यापेक्षा जास्त हरलेल्या माणसाला लेजंड कसं म्हणायचं?"

"जिंकणारे पैशाला पासरी मिळतात," मी म्हटलं. "हरूनसुद्धा लोक ज्याचं नाव घेतात, तो लेजंड."

"कोण लोक?"

"मी."

सगळे हसले. खिळाही हसला, सगळे हसले म्हणून. मी मागे हटलो नाही. फायनल सांगितली. समोर डावखुरा, आमच्याहून वीतभर उंच. तिसऱ्या राउंडला त्याचा ठोसा कानाखाली बसला आणि खिळा आडवा. सगळा हॉल उभा. सात, आठ, नऊ... आणि उठला! पुढची दीड मिनिटं मार खाल्ला, पण परत पडला नाही. पॉइंटवर हरला. लोकांनी टाळ्या कुणाला वाजवल्या? डावखुऱ्याचं नाव आज तुम्हाला सांगता येईल?

कोणालाच येईना. सेक्रेटरीसुद्धा हलला. म्हणाला, "तुम्ही रिंगमध्ये होता, रेफरीकाका. एवढं लिहून द्या, दहाच्या आत उठला. मग मी नाव लावतो."

रेफरीने पेन घेतलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"आकडे नऊच मोजले," तो म्हणाला. "पण इतके सावकाश, की दहाला पंधरा सेकंद लागले असते. बारा सेकंद तर आठलाच झाले होते."

"का?" सेक्रेटरीने विचारलं.

रेफरी माझ्याकडे बघायला लागला. "सांगतोस, का मी सांगू?"

माझं तोंड कधी बंद पडत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण तेव्हा मी आधी खिळ्याची कॉलर सरळ केली. रेफरी खोटारडा म्हणावं, तर तो चाळीस वर्षांचा दोस्त, आणि केलं ते माझ्यासाठीच. खरं म्हणावं, तर शेजारी खिळा बसलेला.

"मीच खूण केली," शेवटी म्हटलं. "सावकाश मोज म्हणून. पण उठला तर तोच ना! उशिरा का होईना, उठला कोण?"

तेवढ्यात खिळ्याने माझी बाही धरली.

"दादा, मला उठायचं नव्हतं."

"गप रे, तुला आठवत नाही."

"आठवतं ना. खाली गार होतं. बरं वाटत होतं. तू ओरडत होतास, ऊठ, ऊठ. मला वाटलं, नाही उठलो तर तू रागावशील."

रेफरी खाली बघत म्हणाला, "मी दहा म्हणून टाकायला हवं होतं रे." हे तो मला म्हणाला की खिळ्याला, कळलं नाही. ती दीड मिनिटं झाल्यावरच खिळ्याची डोकेदुखी सुरू झाली, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. डॉक्टर काय तेवढ्यावर बोट ठेवत नाहीत. एकतीस लढती आहेत, कुठली ते कसं सांगणार, म्हणतात.

सेक्रेटरीने कागद मिटला. "बघू, काका. पुढच्या मीटिंगला." मी भांडलो नाही. लेजंड आहेच तो, कोणीही विचारा, अजून हेच सांगेन. पण त्या दिवशी खिळ्याला घेऊन निघालो. येताना खिळ्याने माझं बोट धरलं होतं, जाताना मी त्याचं धरलं.

सकाळी बटणं लावायला गेलो. कालचं सगळं पुसलेलं.

"दादा, मी उठलो होतो ना?"

"उठलास."

"नऊवर?"

मी दुसरं बटण लावलं. तिसरं लावलं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा.

"उठलास रे," म्हटलं.

"मग आता बसू का?"

"बस."

तो पलंगावर बसला. खालची दोन बटणं राहिली होती. ती मी जमिनीवर बसून लावली.